समोर मासे, तरीही उपाशी

‘वाघ उपाशी मेला तरी गवत खात नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात वाघाच्या बाणेदारपणाचं कौतुक असतं. खरं तर बाण्याचा तिथे काही संबंध नाही. वाघाच्या दातांना आणि आतड्यांना गवत झेपतच नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण पचेल असं, ताजं, भरपूर अन्न समोर असताना एखाद्या शिकारी प्राण्याने अडीच महिने उपास काढला, तर त्याला काय म्हणायचं?

हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. १ मार्च १९७० रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकाशी, पेडर बे नावाच्या खाडीत, पाच ऑर्का जाळं टाकून कोंडले गेले. ऑर्का म्हणजेच किलर व्हेल. काळ्या-पांढऱ्या रंगाचा, डोळ्यामागे पांढरा ठिपका असलेला तो अवाढव्य सागरी शिकारी. त्या काळी मत्स्यालयांकडून ऑर्कांना मोठी मागणी होती. पाचांपैकी दोघांना मत्स्यालयात हलवण्यात आलं, तिघं खाडीतल्या जाळ्याच्या कुंपणातच राहिले. त्यांच्यापुढे रोज सामन मासे टाकले जात, आणि ते त्यांना तोंडही लावत नसत. असे ७५ दिवस गेले. एक मादी दगावली. त्यानंतर कुठे उरलेल्या दोघांनी सामन खायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुणीतरी गुपचूप जाळ्याला वजनं बांधून ते पाण्यात बुडवलं आणि दोघं निसटले. समुद्रात परतल्यावर त्यांनी पुन्हा सीलची शिकार सुरू केली. सामनची सवय खाडीतच राहिली.

गंमत अशी, की त्याच किनाऱ्यावर दुसरे ऑर्का रोज सामनवरच जगत होते. दिसायला जवळपास तसेच, पाणीही तेच. मग या तिघांना काय झालं होतं? या प्रश्नाचा माग काढता काढता शास्त्रज्ञ एका वेगळ्याच प्रश्नापाशी येऊन ठेपले, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही: ज्याला आपण एक प्राणी समजतो, ते नेमके किती प्राणी आहेत?

आधी वंशावळ

ऑर्का मासा नाही, हे शाळेत शिकवलेलं असतं. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, त्याचं रक्त उष्ण असतं. आणखी एक खूण शेपटीत आहे. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो. ऑर्का ती वर-खाली हलवतो. जमिनीवर चौखूर धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा असाच वर-खाली वाकतो. व्हेल मंडळींचे पूर्वज खुरांचे भूचर प्राणी होते आणि आज जिवंत असलेल्यांत त्यांचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा आहे. या पूर्वजांच्या आसपासचा एक प्राणी, इंडोह्यूस, जीवाश्मरूपात सापडला तो आपल्याकडेच, जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट परिसरात. बोकडापेक्षा लहान, बारीक पायांचा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा.

पाण्यात गेलेल्या या घराण्याच्या पुढे दोन मोठ्या शाखा झाल्या. एका शाखेने दात सोडले आणि तोंडात झालर वाढवली, म्हणजे गाळून खायचं. कोकण किनाऱ्याजवळ दिसणारा ब्रायडीज व्हेल आणि निळा देवमासा या शाखेतले. दुसऱ्या शाखेने दात ठेवले. या दातवाल्यांमध्ये डॉल्फिनचं एक मोठं कुल आहे, आणि ऑर्का त्या कुलात बसतो. म्हणजे नावात ‘व्हेल’ असलं तरी ऑर्का हा जगातला सर्वांत मोठा डॉल्फिन आहे. दापोली किंवा तारकर्लीला बोटीतून दाखवतात तो कुबड असलेला करडा डॉल्फिन त्याच्याच कुलातला. फरक इतका, की एक माणसापेक्षा थोडा मोठा, आणि दुसरा नऊ मीटरांपर्यंत जाणारा.

> चौकट: ऑर्काचं ओळखपत्र
>
> शास्त्रीय नाव: ऑर्सिनस ऑर्का. प्रजातीचं वर्णन कार्ल लिनियसने १७५८ मध्ये केलं. त्याने ती डॉल्फिनांतच घातली होती.
>
> आकार: नर जास्तीत जास्त ९.८ मीटर, मादी ८.५ मीटर. मोठे नर ६ टनांहून जड.
>
> पाठीवरचा पर: पूर्ण वाढलेल्या नरात १.८ मीटरपर्यंत उंच आणि ताठ; मादीत त्याच्या निम्मा, मागे वळलेला.
>
> दात: ४० ते ५६, शंकूसारखे. पकडायला आणि फाडायला. चावून बारीक करायला नव्हेत.
>
> गर्भकाळ: १५ ते १८ महिने, एका वेळी एक पिल्लू.
>
> वावर: सर्व महासागरांत, थंड पाण्यात जास्त. भारताच्या किनाऱ्यांजवळ क्वचित.

बोलका शिकारी आणि मुका शिकारी

ऑर्काचं जग डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त चालतं. उत्तर पॅसिफिकच्या हिरवट, गढूळ पाण्यात नजर काही मीटरांपलीकडे जात नाही. आवाज मात्र सेकंदाला दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने. ऑर्का याचा फायदा असा घेतो. डोक्यावरच्या नाकपुडीखाली, श्वासनळीच्या वाटेवर, ओठांसारख्या पडद्यांची जोडी असते. त्यांच्यामधून हवा दाबून सोडली की ‘टिक्’ असा अगदी छोटा, धारदार आवाज होतो. कपाळात चरबीचा एक गोळा असतो, त्याला मेलन म्हणतात. हा गोळा तो आवाज एकवटून पुढे पाठवतो. आवाज एखाद्या माशावर आदळून परत येतो तेव्हा तो शिरतो खालच्या जबड्यातून. जबड्याचं हाड तिथे पातळ असतं आणि आत भरलेली चरबी आवाज थेट कानापर्यंत नेते. आवाज जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, आणि प्रतिध्वनीच्या पोतावरून वस्तू कळते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि पाण्यात हवेवरून प्रतिध्वनी फार चांगला उठतो. सामनच्या निरनिराळ्या प्रकारांतून नेमका चिनूक सामन निवडणं ऑर्कांना जमतं ते बहुधा यामुळेच. चिनूक हा त्यांतला सर्वांत मोठा आणि चरबीदार, म्हणजे एका शिकारीत जास्त ऊर्जा देणारा.

आता कोड्याचा पहिला धागा. सामनला असे उंच पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत. त्याचे कान खर्जापुरते. त्यामुळे सामन खाणारे ऑर्का बिनधास्त टिकटिकत, एकमेकांना साद घालत शिकार करतात. सील, सी लायन आणि पॉर्पॉइज हे मात्र सस्तन प्राणी आहेत. त्यांचे कान तिखट. ऑर्काचा आवाज ऐकला की ते किनाऱ्याकडे किंवा खडकांत पळ काढतात. म्हणून त्यांना खाणारे ऑर्का चिडीचूप राहतात. तासन् तास आवाज न करता, फक्त कान देऊन, सावजाच्या हालचालीचा आणि श्वासाचा अंदाज घेत फिरतात. शिकार झाल्यावर मग त्यांचा गलका सुरू होतो.

एकाच किनाऱ्यावरचे हे दोन व्यवसाय परस्परविरोधी आहेत. एकाला बोलावं लागतं, दुसऱ्याला गप्प राहावं लागतं. एकाला मोठा गट परवडतो, दुसऱ्याला तीन-चार जणांपेक्षा जास्त गर्दी नको. दोन्ही एकाच वेळी नीट करता येणं कठीण, आणि एक करायचं तर ते लहानपणापासून शिकावं लागतं.

बिग यांचे फोटो

हे सगळं कळलं ते एका साध्या युक्तीमुळे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडा सरकारला पडलेला प्रश्न व्यवहाराचा होता. मत्स्यालयांसाठी ऑर्का पकडले जात आहेत, ते संपणार तर नाहीत? नानाइमोच्या पॅसिफिक बायॉलॉजिकल स्टेशनमधले मायकल बिग यांच्यावर मोजणीचं काम आलं. तोवर कोळ्यांची समजूत होती की ऑर्का हजारोंनी आहेत, सामन फस्त करतात, दिसले की गोळी घालावी. बिग यांनी १९७१ मध्ये एक दिवस ठरवून दीपगृहांपासून होडीवाल्यांपर्यंत सगळ्यांना दिसतील ते ऑर्का मोजायला सांगितलं. आकडा हजारांत नव्हे, काही शेकड्यांत आला.

पण खरा शोध पुढचा. बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक ऑर्काच्या पाठीवरच्या परात वेगळ्या खाचा असतात आणि त्यामागे खोगिरासारखा जो राखाडी पट्टा असतो, त्याचा आकारही प्रत्येकाचा वेगळा. स्पष्ट काळा-पांढरा फोटो मिळाला की त्या जनावराची कायमची ओळख पटली. सुरुवातीला पुष्कळांनी यावर विश्वास ठेवला नाही. बिग मात्र फोटो जमवत राहिले, प्रत्येकाला अक्षर आणि आकडा देत राहिले, आणि काही वर्षांत त्या किनाऱ्यावरच्या ऑर्कांची नावनिशीवार यादीच तयार झाली. कोण कुणाबरोबर फिरतं, कुणाला पिल्लू झालं, कोण दिसेनासं झालं, सगळं त्यात. माझ्या मते गेल्या शतकातल्या प्राणिशास्त्रातल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी कामांपैकी हे एक आहे. बिग १९९० मध्ये, वयाच्या पन्नाशीतच गेले. यादी आजही चालू आहे.

यादीतून दोन तऱ्हा दिसू लागल्या. काही ऑर्का मोठ्या कुटुंबांत, उन्हाळ्यात त्याच त्या खाड्यांत भेटायचे. त्यांना ‘रेसिडेंट’, म्हणजे रहिवासी म्हटलं गेलं. काही मात्र दोघं-चौघं, कधीही यायचे आणि कुठेही जायचे. ते ‘ट्रान्झियंट’, म्हणजे फिरस्ते. बिग यांना आधी वाटलं, फिरस्ते म्हणजे मोठ्या कुटुंबांतून हाकलले गेलेले असतील. वर्षं गेली, पण एकही फिरस्ता रहिवाशांत परतला नाही आणि एकही रहिवासी फिरस्त्यांत गेला नाही. ते समोरासमोर आले तर बहुधा एकमेकांना टाळून निघून जात. मेलेल्यांच्या पोटांत पाहिलं तर रहिवाशांच्या पोटात मासे, फिरस्त्यांच्या पोटात सील आणि पॉर्पॉइज. पेडर बेमध्ये कोंडलेले पाचही फिरस्ते होते. त्यांच्या लेखी सामन हे अन्नच नव्हतं.

फिरस्त्यांना आज बिग यांच्या सन्मानार्थ ‘बिग्ज ऑर्का’ म्हणतात.

पुढे १९८०च्या दशकाच्या शेवटी त्याच समुद्रात तिसरी तऱ्हा सापडली. किनाऱ्यापासून दूर, मोठ्या झुंडींनी राहणारे ‘ऑफशोर’. हे शार्क खातात. शार्कची कातडी वाळूच्या कागदाइतकी खरखरीत असल्याने या ऑर्कांचे दात पार हिरडीपर्यंत झिजलेले आढळतात.

रोटी वेगळी, बेटी वेगळी

ऑर्कांच्या या रचनेसाठी मला आपल्या समाजातल्यापेक्षा नेमकी उपमा सापडत नाही. रहिवासी आणि फिरस्ते यांच्यात रोटीव्यवहार नाही, आणि बेटीव्यवहारही नाही. आनुवंशिक चाचण्यांनी हे पक्कं झालं आहे: एकाच पाण्यात हजारो पिढ्या राहूनही त्यांचं रक्त मिसळलेलं नाही.

उपमा आणखी एक पायरी पुढे चालते. रहिवाशांच्या प्रत्येक कुटुंबगटाला पॉड म्हणतात आणि प्रत्येक पॉडची स्वतःची बोली असते. संशोधक जॉन फोर्ड यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पाण्याखाली मायक्रोफोन सोडून या बोली टिपल्या. एकेका पॉडकडे साधारण ७ ते १७ ठरावीक साद असतात. काही साद शेजारच्या पॉडशी जुळतात, काही कुणाशीच नाही. पिल्लू त्या जन्मतः घेऊन येत नाही, आईकडून शिकतं. मग या बोलीचा उपयोग काय? उत्तरेकडच्या रहिवाशांच्या पितृत्वचाचण्यांत दिसलं की पिलांचे बाप आपल्या पॉडमधले जवळपास नसतातच. ते वेगळी बोली बोलणाऱ्या, पण रहिवासीच असलेल्या दुसऱ्या पॉडमधले असतात. म्हणजे लग्न जातीत, पण गोत्राबाहेर. ज्यांची बोली आपल्यासारखी ते आपले भाऊबंद, तिथे संबंध नको, हे ओळखायला बोली कामी येत असावी.

उपमा इथेच थांबवायला हवी. आपल्याकडच्या व्यवस्थेत उच्च-नीच आहे, सक्ती आहे. ऑर्कांमध्ये कुणी वरचा नाही, खालचा नाही. आणि शरीराने अडवलेलं आहे असंही नाही. मत्स्यालयांत आइसलँडच्या आणि पॅसिफिकच्या ऑर्कांना एकत्र ठेवलं तेव्हा त्यांना पिल्लं झाली. समुद्रात मात्र ती होत नाहीत.

आईचं घर

प्रथा इतक्या चिवट का, याचं उत्तर घरात आहे. रहिवासी ऑर्कांमध्ये मुलगी सासरी जात नाही आणि मुलगाही घर सोडत नाही. दोघंही आयुष्यभर आईच्या मागे पोहतात. नर समागमापुरता दुसऱ्या पॉडमध्ये मिसळतो आणि परत येतो. सहा टनांचा, तीस वर्षांचा मुलगा आईने पकडलेल्या सामनातला वाटा खातो, हे संशोधकांनी पाहिलेलं आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिग यांच्या यादीतल्या नोंदी वापरून हिशेब मांडला गेला: तिशीपुढच्या नराची आई मेली, तर पुढच्या वर्षभरात तो मरण्याची शक्यता १४ पटींनी वाढते.

याच नोंदींतून आणखी एक विलक्षण गोष्ट पुढे आली. ऑर्का मादी चाळिशीच्या आसपास वीत थांबवते आणि त्यानंतर कित्येक दशकं जगते. काही माद्या ऐंशीच्या पुढे जातात. प्राण्यांमध्ये हे फार दुर्मीळ आहे. माणूस आणि मोजक्या दातवाल्या व्हेल सोडल्या, तर बहुतेक माद्या मरेपर्यंत प्रजननक्षम असतात. निसर्गनिवडीला पिल्लं हवी असतात. मग प्रजनन थांबलेली आजी तिने का टिकवली?

हिशेब असा आहे. मुलीला झालेलं पिल्लू याच घरात वाढतं, याच घरातला मासा खातं. आजीनेही त्याच वेळी पिल्लू घातलं तर एकाच ताटावर दोन तोंडं येतात. अशा वेळी आजीच्या पिलाचे मरण्याचे धोके जास्त असतात, असं नोंदी सांगतात. मुलाचं पिल्लू मात्र दुसऱ्या पॉडमध्ये जन्मतं, त्याला पोसतात दुसरे. म्हणून स्वतः वीत राहण्यापेक्षा मुलाला धष्टपुष्ट ठेवणं आणि नातवंडांना वाट दाखवणं आजीला परवडतं. वाट दाखवणं हे शब्दशः: सामन कमी आलेल्या वर्षी गटाच्या पुढे म्हाताऱ्या माद्या जास्त दिसतात. दुष्काळात कुठे मासे मिळतात, हे पन्नास वर्षांपूर्वीचा दुष्काळ पाहिलेलीलाच ठाऊक.

अशा घरात पिल्लू पंधरा-वीस वर्षं शिकतं. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर ऑर्का लाटेबरोबर मुद्दाम किनाऱ्यावर चढतात, सी लायनचं पिल्लू पकडतात आणि वळवळत पाण्यात परततात. चुकलं तर वाळूवरच मृत्यू, त्यामुळे तरुणांना मोठ्यांच्या सोबतीने सराव करावा लागतो. नॉर्वेचे ऑर्का हेरिंग माशांना वेढा घालून घट्ट गोळा करतात आणि शेपटीच्या तडाख्याने बधिर करतात. न्यूझीलंडचे ऑर्का पाकट मासे खातात. पाकट उलटी केली की ती निश्चल होते, हे त्यांना ठाऊक आहे. दक्षिण आफ्रिकेजवळ ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ नावाचे दोन नर ग्रेट व्हाइट शार्कचं फक्त यकृत काढून खातात आणि बाकीचा शार्क टाकून देतात.

शिकण्याची ही सवय कधीकधी निव्वळ टूम म्हणूनही पसरते. १९८७ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर एका मादीने मेलेला सामन डोक्यावर घेऊन मिरवायला सुरुवात केली. काही आठवड्यांत आणखी काही पॉडमध्ये ते सुरू झालं आणि नंतर विरून गेलं. २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ऑर्का शिडाच्या बोटींची सुकाणं मोडत आहेत. वर्तमानपत्रांनी याला ‘सूड’ म्हटलं. तिथल्या अभ्यासकांचा कल मात्र ही तरुण ऑर्कांची टूम किंवा खेळ आहे असं मानण्याकडे जास्त आहे. सूड म्हटल्याने बातमी चांगली होते, एवढं खरं. खुल्या समुद्रात ऑर्काने माणसाला मारल्याची एकही खात्रीची नोंद नाही. ‘किलर’ची दहशत बाळगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की माणूस कुठल्याच ऑर्का घराण्याच्या ताटात नाही.

दक्षिणेकडची मंडळी

पॅसिफिकमधली ही विभागणी अपवाद आहे की नियम? अंटार्क्टिकाने उत्तर दिलं. १९८०च्या सुमारास सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तिथल्या छोट्या, मासेखाऊ ऑर्कांना वेगळी प्रजाती म्हणून नावं द्यायचा प्रयत्न केला होता, पण तो फारसा कुणी मनावर घेतला नाही. २००३ मध्ये रॉबर्ट पिटमन आणि पॉल एन्सर यांनी फोटोंच्या आधारे तिथे ए, बी आणि सी असे तीन प्रकार मांडले. ए मोठा, खुल्या पाण्यात मिंकी व्हेल मारणारा. बीच्या डोळ्यामागचा ठिपका भलामोठा. त्यातला एक गट हिमखंडावर बसलेला सील पाहून ओळीने पोहत येतो आणि लाट उठवून त्याला पाण्यात पाडतो. सी सर्वांत लहान, तिरक्या ठिपक्याचा, रॉस समुद्रातल्या बर्फाच्या भेगांत मासे शोधणारा. बी आणि सी यांच्या अंगावर सूक्ष्म शैवालांचा पिवळट थर चढतो. उपग्रहाला जोडलेली यंत्रं लावल्यावर कळलं की बी प्रकारचे ऑर्का अधूनमधून ब्राझीलच्या दिशेने उबदार पाण्यात धाव घेतात आणि लगेच परततात. बर्फाळ पाण्यात रक्तपुरवठा वाचवण्यासाठी त्वचेची वाढ मंदावत असावी; उबेत जाऊन ते कात टाकून येतात, असा संशोधकांचा अंदाज आहे.

चौथ्या, डी प्रकाराची कथा मला सर्वांत आवडते. १९५५ मध्ये न्यूझीलंडच्या पारापाराउमू किनाऱ्यावर ऑर्कांचा एक कळप वाळूत अडकून मेला. फोटोत त्यांची डोकी गोल फुगीर आणि डोळ्यामागचे ठिपके अगदी चिमुकले दिसत होते. एखाद्या कुटुंबातलं व्यंग असेल, असं वाटून विषय मिटला. पन्नास वर्षांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांजवळ मासेमारी बोटींभोवती तसेच ऑर्का फोटोत सापडले. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये पिटमन यांच्या तुकडीने केप हॉर्नच्या वादळी पाण्यात त्यांना गाठलं आणि बाणाने त्वचेचा कण मिळवला. संग्रहालयात जपलेल्या १९५५च्या अवशेषांचा जीनोमही नंतर वाचला गेला. हा गट फार काळ लहान संख्येत, इतरांपासून तुटून राहिला आहे, हे त्यात स्पष्ट दिसलं.

असा शरीराने थोडा, सवयींनी बराच वेगळा, आपल्या परिसराशी जुळलेला प्रकार म्हणजे ‘इकोटाइप’. मात्र इकोटाइप म्हणजे प्रजाती नव्हे. तिथेच भांडण आहे.

मग प्रजाती किती?

पाठ्यपुस्तक सांगतं की ज्यांचा आपापसांत संकर होऊन पुढे चालणारी संतती होते, ती एक प्रजाती. या कसोटीवर, मत्स्यालयातली पिल्लं पाहता, ऑर्का एकच. पण निसर्गात संकर होऊ शकतो का यापेक्षा तो होतो का, हे महत्त्वाचं मानलं तर उत्तर बदलतं. एकाच पाण्यात राहून जे मिसळत नाहीत ते वेगळे, मग कारण शरीराचं असो की संस्कारांचं. साधारणपणे नवी प्रजाती घडायला डोंगर, समुद्र असा अडथळा लागतो. दोन्ही बाजूंच्या जीवांत हळूहळू फरक साचतात. इथे अडथळा आहे शिकवणीचा. आईने जे खायला शिकवलं त्यावरून सोबती ठरतात, सोबत्यांवरून जोडीदार, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या जनुकांतही फरक उतरतो. २०१६ मध्ये पाच इकोटाइपच्या जीनोमची तुलना झाली, तेव्हा आहार पचवण्याशी आणि अंटार्क्टिकातल्या थंडीशी संबंधित जनुकांत बदल दिसले. आधी प्रथा, मग रक्त, असा हा उलटा क्रम.

२०२४ मध्ये फिलिप मोरिन आणि सहकाऱ्यांनी थेट प्रस्ताव मांडला: रहिवासी आणि बिग्ज या दोन वेगळ्या प्रजाती माना. त्यांची पुराव्यांची यादी मोठी होती. कवटी मोजली तर बिग्जचा जबडा रुंद आणि मजबूत, धडपडणारं मोठं सावज पेलणारा. जनुकांवरून बिग्जची शाखा किमान ३ लाख वर्षांपूर्वी फुटलेली. नावंही नवी शोधावी लागली नाहीत. १८६९ मध्ये व्हेल-शिकारी कप्तान चार्ल्स स्कॅमन यांच्या टिपणांवरून, डायनासोरच्या जीवाश्मांसाठी अधिक प्रसिद्ध असलेल्या एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी दोन नावं देऊन ठेवली होती. ती पुन्हा बाहेर काढली गेली: रहिवाशांसाठी ऑर्सिनस एटर, बिग्जसाठी ऑर्सिनस रेक्टिपिनस.

सागरी सस्तनांच्या नावांवर शिक्कामोर्तब करणाऱ्या तज्ज्ञ समितीने मधला मार्ग काढला. दोन्ही गट वेगळे आहेत हे तिने मान्य केलं, पण तूर्त उपप्रजाती म्हणून. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही: दोन गटांना प्रजाती करायचं, तर नॉर्वेच्या, अंटार्क्टिकाच्या, उष्ण समुद्रांतल्या ऑर्कांचं काय? आधी साऱ्या जगाचा हिशेब लावा. तरीही माझा कौल मोरिन यांच्या बाजूने आहे. इतकी वर्षं एकमेकांसमोरून जाऊनही जे एकत्र आले नाहीत, त्यांनी वेगळं असल्याचा आणखी काय पुरावा द्यायचा?

नावावर अडलेली कामं

हा केवळ विद्वानांचा वाद असता तर चाललं असतं. पण संरक्षणाचे कायदे आणि याद्या प्रजातीच्या नावाने चालतात. जागतिक लाल यादीत ऑर्काच्या नावापुढे ‘अपुरी माहिती’ असा शेरा आहे. ऑर्काइतका बारकाईने अभ्यासलेला सागरी प्राणी क्वचितच असेल. पण ‘ऑर्का’ म्हणजे नेमकं कोण हेच ठरलेलं नसल्याने धोका कुणाचा मोजायचा हे ठरत नाही.

१९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडलं. त्या पाण्यात एटी-१ नावाचा सीलखाऊ ऑर्कांचा एक गट होता, २२ जणांचा. तो झपाट्याने घटला. त्यात नवं पिल्लू कधीच आलं नाही आणि गट ७ जणांवर आला. जगभरच्या ऑर्कांच्या बेरजेत १५ कमी झाले तर कळतही नाही.

अमेरिकेत तर प्रकरण कोर्टात गेलं. सिएटल आणि व्हँकुव्हर यांच्यामधल्या पाण्यातले दक्षिणेकडचे रहिवासी, म्हणजे जे, के आणि एल हे तीन पॉड, घटत चालले होते. त्यांना संरक्षण द्या अशी मागणी झाली तेव्हा २००२ मध्ये सरकारी खात्याने नकार दिला. कारण असं, की ऑर्का ही जगभर पसरलेली एकच प्रजाती आहे आणि हा गट नाहीसा झाला तरी त्या प्रजातीच्या दृष्टीने फार बिघडत नाही. कोर्टाने हा निर्णय फिरवला आणि कालबाह्य झालेल्या वर्गीकरणावर विसंबता येणार नाही असं बजावलं. २००५ मध्ये त्यांचा संकटग्रस्त यादीत समावेश झाला.

तरी ते आज पाऊणशेच्या आसपासच आहेत. मत्स्यालयांनी त्यांची एक तरुण पिढी नेली, धरणांनी आणि मासेमारीने चिनूक सामन घटवला, बोटींच्या आवाजाने कानांवरची शिकार अवघड केली, आणि जोडीदार इतके कमी उरले की जवळच्या नात्यात पिल्लं होऊ लागली. २०१८ मध्ये त्यांच्यातल्या एका मादीने मेलेलं पिल्लू १७ दिवस वाहून नेलं, ती बातमी जगभर गेली. ती मादी याच गटातली, हे बहुतेक बातम्यांत आलं. तिच्याच पाण्यात दुसरे ऑर्का मजेत आहेत हे फारसं आलं नाही. १९७०च्या दशकापासून या किनाऱ्यावर, कॅनडाच्या आणि अमेरिकेच्याही हद्दीत, सीलना संरक्षण आहे. सील भरपूर झाले आणि त्यांच्याबरोबर बिग्ज ऑर्काही वाढले. आता त्या खाड्यांत रहिवाशांपेक्षा तेच जास्त वेळा दिसतात, आणि दोन्ही गट एका रकान्यात मांडले तर तिथले ऑर्का वाढत आहेत असंच उत्तर येतं.